ट्रोपोनिन, बीएनपी आणि अण्णांचं हृदय: कुठला आकडा काय सांगतो

प्रश्न: आम्ही निपाणी भागातले. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे अण्णांच्या (वय 58) छातीत कळ आली. दीड तासात तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. तिथं ट्रोपोनिनची पट्टी निगेटिव्ह आली, तरी ईसीजी बघून डॉक्टरांनी लगेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी बेळगावात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. तिथं ट्रोपोनिन आय 38,400 आला, चौथ्या दिवशी एनटी-प्रोबीएनपी 2,480. घरी सोडताना इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा, 38 टक्के. परवा भावानं कोल्हापूरला नेऊन रक्त तपासलं तर बीएनपी 395. भाऊ म्हणतो, सहापट उतरलं. ताई म्हणते, 100 च्या वर म्हणजे वाईटच. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.1 होतं ते 1.4 झालंय. लॅबवाले म्हणतात, एसटी-2 आणि गॅलेक्टिन-3 करून घ्या, हृदय किती भरून येणार ते कळेल. नव्या गोळ्यांत सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आहे. पूर्वीच्या रामिप्रिलच्या दोन पट्ट्या शिल्लक आहेत. आई म्हणते, बीपी वाढलं तर त्यातली एखादी देऊया. गळीत हंगामात अण्णा फडात उभे राहतील का? रक्तातल्या कुठल्या आकड्यावरून सांगता येईल?

उत्तर: आधी आईंच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते आजच हवं. रामिप्रिलची एकही गोळी द्यायची नाही. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन चालू असताना रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी गोळी पोटात गेली, तर ओठ, जीभ आणि घसा सुजून श्वास अडकू शकतो. या दोन औषधांत किमान 36 तासांचं अंतर लागतं, आणि तेही डॉक्टरांनी औषध बदलायचं ठरवलं तरच. त्या दोन पट्ट्या आज डब्यातून बाहेर काढा. घरात टाकून न देता औषध दुकानात किंवा दवाखान्यात परत द्या. वाया जातात म्हणून जीव कळवळतो हे खरं, पण रात्रीच्या अंधारात चुकून हाती लागणारी पट्टी घरात नकोच.

आता आकडे. भाऊ आणि ताई दोघंही चुकलेत. आधी भावाची चूक. एनटी-प्रोबीएनपी आणि बीएनपी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. हृदयाची भिंत ताणली गेली की तिथल्या पेशी एक लांब प्रथिन सोडतात आणि त्याचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी, दुसरा एनटी-प्रोबीएनपी. बीएनपी साधारण 20 मिनिटांत निम्मं होतं. एनटी-प्रोबीएनपीला तासाहून जास्त वेळ लागतो आणि त्याचा निचरा मूत्रपिंडावर बराच अवलंबून असतो. म्हणून एकाच माणसात, एकाच वेळी घेतलेल्या रक्तात एनटी-प्रोबीएनपीचा आकडा कितीतरी पट मोठा येतो. एकाला अमुक संख्येनं भागलं की दुसरा मिळतो, असा हिशोब नाही. 2,480 वरून 395 ही घट नव्हेच. एका शेताचा उतारा टनात आणि दुसऱ्याचा क्विंटलमध्ये मांडून तुलना करावी, तसं झालंय ते.

ताईंचा 100 चा आकडा बीएनपीचाच आहे, पण अण्णांच्या बाबतीत तोही लागू करता येत नाही. कारण पुन्हा तीच गोळी. शरीरात बीएनपी तोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, सॅक्युबिट्रिल ते एन्झाइम अडवतं. औषधाचा फायदा याच वाटेनं होतो, पण त्यामुळं रक्तातलं बीएनपी वाढलेलं दिसू शकतं. एनटी-प्रोबीएनपीवर ते एन्झाइम काम करत नाही, म्हणून हे औषध घेणाऱ्याची तपासणी एनटी-प्रोबीएनपीचीच करायची. थोडक्यात, कोल्हापूरच्या 395 वरून आनंदही नको आणि रडूही नको. तो कागद फाईलमध्ये ठेवा आणि वर पेन्सिलीनं लिहा, ‘वेगळी तपासणी, गोळी चालू असताना’.

पट्टी निगेटिव्ह आली ती चूक नव्हती. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशी मेली की ते हळूहळू रक्तात झिरपतं. साध्या पट्टीवर दिसण्याइतकं व्हायला तीन ते सहा तास लागतात आणि अण्णा दीड तासातच पोचले होते. ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनची वाट बघायची नसते. त्या डॉक्टरांनी ती बघितली नाही, यातच अण्णांचा बराचसा स्नायू वाचला असणार. भविष्याबद्दल सांगणारा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा आमच्या मते हा दीड तासच आहे, 38,400 नव्हे. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली तेही योग्यच. इंजेक्शननं रक्तवाहिनी उघडली तर पुढच्या 3 ते 24 तासांत अँजिओग्राफी करावी, असंच शास्त्र सांगतं.

आता तो घाबरवणारा 38,400. आधी रिपोर्टवरचं एकक बघा. हाय सेन्सिटिव्ह ट्रोपोनिन नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो, जुन्या पद्धतीचा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. दोन्हींत हजार पटींचा फरक आहे. हेच रक्त दुसऱ्या एककात लिहिलं असतं तर 38.4 दिसलं असतं आणि घरात एवढा हलकल्लोळ झाला नसता. ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी यांचीही आपसात तुलना होत नाही. ट्रोपोनिन आयमध्ये तर प्रत्येक कंपनीच्या मशीनचा आकडा वेगळा. शेजारच्या काकांचा ट्रोपोनिन अमुक होता आणि ते आज टुणटुणीत आहेत, या बोलण्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट रक्त घेतल्याच्या वेळेची. बंद वाहिनी उघडली की अडकलेलं ट्रोपोनिन एकदम रक्तात वाहून येतं. त्यामुळं उपचार यशस्वी झालेल्या माणसात पहिल्या 12 ते 24 तासांतला आकडा उंच उडी मारतो. त्या उडीवरून मेलेला स्नायू मोजायला गेलं तर फसगत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा ट्रोपोनिन मेलेल्या स्नायूच्या आकाराशी जास्त जुळतो. त्या दिवशीचा रिपोर्ट डिस्चार्जच्या फाईलमध्ये असेल तर तो शोधा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढं ठेवा. नसेल तर आता तीन आठवड्यांनी ट्रोपोनिन करून काहीच हाती लागणार नाही.

आणि मुख्य मुद्दा असा की ट्रोपोनिन मेलेल्या पेशींचा हिशोब देतो, पण झटक्यानंतर न हलणारा सगळा स्नायू मेलेला नसतो. काही भाग जिवंत असून बधिर झालेला असतो. रक्तपुरवठा परत आला तरी तो काही दिवस, कधी काही आठवडे आकुंचन पावत नाही. तुमच्याकडं दूधगंगा-वेदगंगेच्या पुरात ऊस बुडतो, तेव्हा पाणी ओसरल्या दिवशी सगळा फड सारखाच चिखलानं माखलेला आणि आडवा दिसतो. शेंडा कुजलेला ऊस कुठला आणि पुन्हा कोंब धरणारा कुठला, ते त्या दिवशी बांधावरून ओळखता येत नाही. 38 टक्के ईएफ हा पाणी ओसरल्या दिवशीचा पंचनामा आहे. त्यात किती बधिर आणि किती गेलेलं, हे रक्ताच्या एका तपासणीनं कुणालाच नेमकं सांगता येत नाही.

तरीही रक्त काहीच सांगत नाही असं नाही. एनटी-प्रोबीएनपी भिंतीवरचा ताण सांगतं. झटक्यानंतर पहिल्या दिवसात ते वाढतं आणि मग उतरायला लागतं. मोठा झटका असेल तर काही जणांत पाचव्या दिवसाच्या आसपास दुसरी चढण दिसते. हृदयाचा कप्पा हळूहळू फुगायला लागल्याची ती खूण असू शकते. म्हणून एकुलता आकडा न बघता त्याचा कल बघायचा. अण्णांचा चौथ्या दिवसाचा 2,480 हा वर असलेला आकडा आहे. हृदयावर ताण होता एवढं तो नक्की सांगतो. तो तुमचा पाया धरा. पुढची तपासणी झटक्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी आणि त्यापुढची तीन महिन्यांनी, इकोच्या वेळी. दोन्ही वेळा एनटी-प्रोबीएनपीच आणि बेळगावच्या त्याच लॅबमध्ये.

फरक किती झाला म्हणजे खरा मानायचा? हे प्रथिन निरोगी माणसातही रोज थोडं वरखाली होतं. त्यामुळं साधारण 30 टक्क्यांपेक्षा कमी बदलाला बदल म्हणू नये. 2,480 चं 1,900 झालं तर ती 23 टक्के घट, त्यावर पेढे वाटू नका. 1,700 च्या खाली गेलं तर कल खरोखर उतरता आहे. 1,000 च्या खाली गेलं तर ती चांगलीच बातमी, कारण अशक्त हृदयाच्या रुग्णांत त्या पातळीच्या खाली असणाऱ्यांची पुढची वाटचाल बरी राहते. उलट आकडा तिथंच अडला किंवा चढला तर डॉक्टर औषधांचे डोस, सूज, ठोक्यांची लय आणि इको पुन्हा बघतील. रिपोर्टवर कधी पिकोमोल प्रति लिटर असं एकक असतं, त्या आकड्याला 8.46 नं गुणलं की पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतात.

इथं क्रिएटिनिन मध्ये येतं. 1.1 वरून 1.4 म्हणजे सुमारे 27 टक्के वाढ. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनसारखी औषधं सुरू झाल्यावर 30 टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक वेळा चालवून घेतात. औषध आपल्या मनानं बंद करायचं कारण नाही, पण आकडा काठावर आहे. याच आठवड्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा करा आणि डॉक्टरांना दाखवा. यादीत एप्लेरेनोन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या गोळ्या) असेल तर हे जास्तच गरजेचं. पोटॅशियम 5.5 च्या वर गेलं तर डोस कमी करावा लागतो, 6 च्या वर गेलं तर ती गोळी थांबवून त्याच दिवशी उपचार लागतात. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की एनटी-प्रोबीएनपीही वाढलेलं दिसतं. म्हणून ते करताना त्याच नळीच्या रक्तात क्रिएटिनिन करायला सांगा. बिघडलंय ते हृदय का मूत्रपिंड, हे त्याशिवाय उलगडणार नाही.

पोटॅशियमच्या बाबतीत तुमच्या भागात एक घोळ हमखास होतो. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त घेतात, नळ्या डब्यात तशाच पडून राहतात आणि दुपारी गाडीवरून शहरात जातात. तेवढ्यात तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टवर 5.9 उमटतं. माणसाच्या अंगात ते 4.6 च असतं. मग कुणीतरी घाबरून हृदयाची चांगली गोळी बंद करतं. रक्त घ्यायला अशा ठिकाणी जा, जिथं नळी तिथंच मशीनमध्ये फिरवून सीरम वेगळं करतात. दंडाला पट्टा बांधल्यावर मूठ उघड-मीट करायला लावत असतील तर नको म्हणा, त्यानंही पोटॅशियम वाढतं. आधी जांभळ्या टोपणाची नळी भरून तेच रक्त दुसऱ्या नळीत ओतलं तरी आकडा बिघडतो, कारण जांभळ्या नळीत पोटॅशियमचं मीठ असतं. रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर तो आकडा धरायचाच नाही, रक्त पुन्हा द्यायचं. एनटी-प्रोबीएनपी त्या मानानं टिकाऊ आहे, बीएनपीचा नमुना मात्र काही तासांतच खराब होतो.

अण्णा केसांसाठी किंवा ताकदीसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसची गोळी घेत असतील तर तेही लॅबला सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळं ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

एसटी-2 आणि गॅलेक्टिन-3 चं पॅकेज करू नका. या तपासण्या खोट्या नाहीत. हृदयात चट्टा आणि तंतू वाढण्याशी त्यांचा संबंध आहे आणि शेकडो रुग्णांचा गट घेतला तर जास्त आकडेवाल्यांत जास्त धोका दिसतो. पण गटाचा धोका सांगणं वेगळं आणि अण्णांचं हृदय किती भरून येणार ते सांगणं वेगळं. मुख्य म्हणजे आकडा काहीही आला तरी अण्णांची एकही गोळी त्यावरून बदलणार नाही. ते पैसे तीन महिन्यांच्या चांगल्या इकोसाठी राखून ठेवा. अंगातली सूज दाखवणाऱ्या सीआरपी तपासणीचंही तसंच. झटक्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते शिखरावर असतं, कारण शरीर मेलेला स्नायू साफ करत असतं. पुढं दात सुजला किंवा ताप आला तरी वाढतं, त्याच्या मागं लागू नका.

करायच्या साध्या तपासण्या मात्र चुकवू नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सुरू होऊन चार ते सहा आठवडे झाले की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ते 55 च्या खाली हवं. दवाखान्यात साखर वाढलेली होती का ते फाईलमध्ये बघा, त्या दिवसांत ती ताणानंही वाढते, खरं काय ते एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) सांगेल. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत म्हणून हिमोग्लोबिन. दात काढायचा म्हणून किंवा एखाद्या गावठी इलाजापायी त्या दोन गोळ्यांतली एकही स्वतःहून थांबवायची नाही, स्टेंट बंद पडण्याचा धोका त्यातच सगळ्यात मोठा असतो.

घरात एक वही करा. तारीख, रक्त घेतल्याची वेळ, तपासणीचं पूर्ण नाव (बीएनपी की एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन आय की टी), एकक, लॅब, आकडा, त्या लॅबची मर्यादा, त्या दिवसाचं क्रिएटिनिन आणि त्या दिवशी चालू असलेल्या गोळ्या. निपाणी, बेळगाव, कोल्हापूर, जमलं तर मिरज अशी आपल्याकडं फाईल फिरत राहते आणि प्रत्येक ठिकाणी नवं रक्त निघतं. वही असली की पुढचा डॉक्टर दोन मिनिटांत कल बघू शकतो.

त्याच वहीत रोज सकाळी वजन लिहा. शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत, एकाच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं तर अंगात पाणी साठतंय. लॅबला कळायच्या आधी हे काट्याला कळतं, आणि तेव्हा रक्ताची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. उताणं झोपल्यावर दम लागणं, रात्री दचकून उठून बसावं लागणं, पावलं सुजणं, उभं राहताना डोळ्यांपुढं अंधारी येणं, यालाही तोच नियम. लोणचं, पापड, सांडगे, खारे शेंगदाणे हे अण्णांच्या ताटातून गेले पाहिजेत, दिवसभरात सगळं मिळून मीठ एक लहान चमचा, पाच ग्रॅमच्या आत.

पुन्हा छातीत दुखलं तर 108 ला फोन करा, आणि झटक्याची तारीख तिथं सांगा. पहिल्या झटक्याचं ट्रोपोनिन दहा ते चौदा दिवस वर राहू शकतं. त्यामुळं त्या काळात नुसतं पॉझिटिव्ह येण्याला अर्थ नसतो, तीन ते सहा तासांच्या अंतरानं घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात 20 टक्क्यांहून जास्त वाढ दिसली तर नवा झटका धरतात. अण्णांचे तीन आठवडे झालेत. आता वाढलेलं ट्रोपोनिन दिसलं तर ते जुनंच असेल असं समजून गप्प बसू नका.

अण्णा तंबाखू-चुना मळत असतील तर (तुमच्या भागात न मळणारे कमीच) तो याच आठवड्यात बंद. एकट्यानं सुटत नसेल तर 1800-11-2356 ही तंबाखू सोडायला मदत करणारी मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. रक्तातले सगळे आकडे सुधारले आणि तोंडात बार राहिला, तर पुढचा झटका अडवायला काही उरत नाही.

फडाचं उत्तर इकोवर ठरेल. सध्या सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, चालताना बोलता येईल इतक्या वेगानं, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत. बांधावर खुर्ची टाकून ऊसतोडीवर लक्ष ठेवणं ही एक गोष्ट, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवणं ही दुसरी. पहिलीला डॉक्टर लवकर हो म्हणतील. दुसरीसाठी इको आणि जमल्यास ट्रेडमिलची तपासणी झाल्याशिवाय विचारूही नका.

तो इको सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान, शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच डॉक्टरांकडून करून घ्या. ईएफ डोळ्यांनी अंदाजे न लिहिता सिम्पसनच्या पद्धतीनं मोजायला सांगा आणि कप्प्याचं भरलेलं व रिकामं आकारमान रिपोर्टवर लिहून मागा. दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तर ईएफमध्ये पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळं 38 चं 42 झालं तर हुरळून जाऊ नका. 38 चं 50 झालं आणि एनटी-प्रोबीएनपीही उतरलं, तर बधिर स्नायू जागा झाला असं म्हणता येईल. ईएफ वाढला नाही आणि कप्प्याचं आकारमान पहिल्यापेक्षा 20 टक्क्यांनी वाढलं, तर हृदय फुगतंय. झटक्याला 40 दिवस आणि स्टेंटला तीन महिने होऊन, सगळी औषधं नीट चालू असतानाही ईएफ 35 किंवा त्याखाली राहिला, तर आयसीडी नावाचं, ठोके जीवघेणे बिघडले तर झटका देऊन लय परत आणणारं यंत्र बसवायचं का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्या दिवशी जाताना वही, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि पहिल्या इकोचा कागद सोबत न्या.